चिठ्ठीत निघालेलं घर

इंदूरच्या मराठी घरांत नातवंडं आजीशी कुठल्या भाषेत बोलतात, हा माझा एम. ए.चा प्रकल्प. विषय सगळ्यांना आवडला. मग गाईड सरांनी विचारलं, "सॅम्पल कसं घेणार? म्हणजे सगळ्यांतून कुणाकुणाला विचारणार?" आणि घरातली शांतता गेली.

बाबा आधी आकड्यावरच अडले. लोकसंख्या लाखांत असली, की पाच टक्क्यांची चूक आणि ९५ टक्क्यांची खात्री धरून ३८४ माणसं पुरतात, असं क्रेजी आणि मॉर्गन यांच्या १९७०च्या तक्त्यात छापलेलं आहे. "इंदूरला ३८४ आणि अख्ख्या देशालाही ३८४? बँकेत असा हिशेब दिला असता, तर सस्पेंड झालो असतो."

आई म्हणाली, "शितावरून भाताची परीक्षा होते की. फक्त शीत वरचंच घेऊ नये, खाली लागलेलं असतं." सरांची दोन लेक्चरं यात आली.

मैत्रिणीचा सल्ला सोपा होता : छप्पन दुकान या खाऊगल्लीत उभं राहायचं, मराठी ऐकू आलं की गाठायचं. त्यावर सरांनी १९३६ सालची अमेरिका काढली. अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने टेलिफोन डिरेक्टऱ्या आणि मोटारींच्या नोंदी अशा याद्यांवरून सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. चोवीस लाखांच्या आसपास परत आल्या, त्यावरून रूझवेल्टना हरवून लँडन येणार म्हणून छापलं, आणि रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. फोन-मोटार नसलेले लोक मतदानाला मात्र गेले होते.

"पण सर, छप्पनवर सगळेच येतात."

"आजी येते?"

मग स्नोबॉल, म्हणजे एकाने दुसऱ्याचं नाव सुचवायचं. मावशीने भराभर नावं दिली, सगळी तिच्या भजनी मंडळातली. पहिल्याच घरी आजींनी ठणकावून सांगितलं, "आमच्याकडे शुद्ध मराठी." तेवढ्यात आतून हाक आली, "दादी, मेरा चार्जर कहाँ है?" आजी हलल्या नाहीत. "शेजाऱ्यांचा आहे तो," म्हणाल्या, आणि माझ्या पोह्यांवर आणखी शेव घातली.

कुटुंब इंदुरात कधी आलं, त्यावरून स्तर, म्हणजे गट, पाडून पाहिले. सगळेच मल्हाररावांबरोबर आलेले! इतकी फौज खरोखर असती, तर पानिपतचा निकाल वेगळा लागला असता. 'नोकरीनिमित्त, १९५० नंतर' हा रकाना कोराच. त्यात निदान आमचं घर तरी बसायला हवं होतं, पण बाबाही ऐनवेळी फौजेत सामील झाले.

दर पाचवं घर घ्यावं, तर चौथ्या घरच्या काकू फाटकात उभ्या : "का गं, आमच्यात काय वाईट आहे?"

राहिली लॉटरी. तिला आधी संपूर्ण यादी लागते, आणि मराठी घरांची यादी आणायची कुठून? मतदार यादीत नाव, वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव असतं, मातृभाषा नसते. आडनावावरून जावं, तर जोशी गुजरातेत आहेत, राजस्थानातही आहेत. मी दार वाजवलेल्या पहिल्या जोशींनी "पधारो सा" म्हणून आत बसवलं. माणसं फार चांगली, प्रकल्पाला निरुपयोगी.

शेवटी आमच्या गणपती मंडळाचं वर्गणीचं रजिस्टर मिळालं. वर्गणी न देणारे त्यात नाहीत, आणि एका मंडळावरून अख्खं इंदूर सांगता येत नाही. सर म्हणाले, "हे सगळं मर्यादांमध्ये लिहा, विषयाची व्याप्ती कमी करा आणि आता सुरुवात करा." ३८४चा आग्रहही त्यांनी माझ्या चपलांकडे बघून सोडला.

रात्री जेवणाच्या टेबलावर डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. पहिली आईने काढली. वाचली, घडी घालून परत डब्यात टाकली आणि डबा हलवला.

"आई, असं चालत नाही. निघालं ते निघालं."

"हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं तिने मला."

"संशोधनात ते धरत नाहीत."

आई बराच वेळ डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जा. पण तिच्याकडे काही खाऊ नकोस. आणि नातू हिंदीत बोलला, तर नीट लिहून आण."