सहकुटुंब सहपरिवार सिनेमा, शास्त्रोक्त पद्धतीने

२६ जानेवारी सोमवारी आला की तीन दिवसांची जोडून सुट्टी मिळते आणि घरात एक ठराव बिनविरोध पास होतो: जेवणं लवकर आटपून सगळ्यांनी मिळून पिक्चर बघायचा. पुढचं कसं करायचं हे मात्र कुणी शिकवत नाही, म्हणून ही थोडी मदत.

पिक्चर आधी ठरवू नका. दुपारच्या चहाला ठरवलात तर रात्री नऊला लगेच सुरू होईल, मग मजा काय राहिली? रिमोट घ्या आणि पोस्टरं सरकवत बसा. पोस्टरवर जरा थांबलात की ट्रेलर आपोआप वाजायला लागतो, तो वाजू द्या. नाव शोधायचंच असेल तर रिमोटवरचं माइकचं बटण चुकूनही दाबू नका. बाणाने एकेक अक्षर गाठा, 'पी'च्या जागी 'ओ' पडला की खोडा, पुन्हा गाठा. पावणेदहाच्या सुमारास कुणीतरी म्हणेल, ''हा मी बघितलाय, भारी आहे.'' तोच लावा. पुढची गोष्ट आधी सांगायला घरात माणूस हवाच.

लॉगिन मेव्हण्याच्या नावावर असावं. ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि जोडून सुट्टीला मेव्हणा घाटात असतो.

राउटर चपलांच्या कपाटात, तळाच्या फळीवर.

वयाचा शिक्का वाचायचा नाही. २०२१ च्या नियमांपासून ओटीटीवर सुरुवातीलाच यू/ए १३+, यू/ए १६+ किंवा नुसतं ए असं लिहून येतं, कशामुळे तेही येतं. तेवढ्यात पाणी आणायला जा. मग अर्ध्या तासाने आजोबांच्या शेजारी बसलेले असताना 'तो' प्रसंग आला की घाईघाईने दहा सेकंद पुढे ढकलायचं बटण दाबा. नेट हळू असेल तर चित्र नेमकं तिथेच गोठतं, मधोमध चक्र फिरत राहतं आणि सगळ्यांना पंख्याची पाती मोजायला भरपूर वेळ मिळतो.

आता चित्र. टीव्ही दुकानातून आणला तेव्हा ज्या 'व्हिव्हिड' मोडवर होता त्यावरच ठेवा. दुकानाच्या लखलखाटात चाळीस टीव्हींच्या रांगेत उठून दिसायला तो मोड केलेला असतो. घरी त्यात प्रत्येक पात्र हळद लावून आल्यासारखं दिसतं, तर दिसू दे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. मधली चित्रं टीव्ही स्वतःच्या मनाने तयार करून घुसवतो. एलजीवर याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीवर मोशनफ्लो. मग घोडदौड असो की युद्ध, सगळं दुपारच्या मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. बऱ्याच नव्या टीव्हींत 'फिल्ममेकर मोड' असतो, एका बटणात हे सगळं बंद होतं. म्हणूनच तिकडे फिरकू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, काळ्या पट्ट्या. पडद्यावर वर-खाली काळं दिसलं रे दिसलं की घरातला एक जाणकार उठतोच. ''हे काय, फुल स्क्रीन नाहीये! पैसे ४३ इंचाचे दिलेत.'' रिमोट घेतो, पिक्चर साइझमध्ये जातो, झूम करतो. पट्ट्या गेल्या, टाळ्या. आता जरा हिशोब करू. ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटीमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न उंच. मोठ्या पडद्यासाठी काढलेला सिनेमा बहुधा २.३९ ला १ या मापाचा, म्हणजे ९५ रुंदीला त्याची उंची चाळीसच भरते. उरलेल्या त्या दोन पट्ट्या, प्रत्येकी सात सेंटीमीटरच्या आत. त्या घालवायला चित्र उंची भरेपर्यंत मोठं केलं की रुंदीही १२८ होते आणि त्यातले ३३ सेंटीमीटर टीव्हीच्या बाहेर, तुमच्या भिंतीवर. पाव सिनेमा गेला! दिग्दर्शकाने नवरा एका टोकाला, बायको दुसऱ्या टोकाला आणि मध्ये रिकामं जेवणाचं टेबल असं मुद्दाम मांडलेलं असतं. तुम्हाला टेबल दिसतं. सबटायटलची खालची ओळ चौकटीखाली गडप. जुना कृष्णधवल पिक्चर लावला तर उलट: त्याच्या पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला, आणि त्या भरायला चित्र आडवं ताणलं की नाजूक नायिकाही तालमीतून आल्यासारखी दिसते. पट्टी म्हणजे बिघाड नव्हे हो! ताटात वाटी ठेवायला जागा दिसली म्हणून कुणी तिथे भात थापतं का? आणि समजावून सांगावं तर ''आम्हाला मोठं बघायला आवडतं'' हे उत्तर. (परवाच्या सुट्टीत हे तीनही रात्री सहन केलंय. आवाज चढला असेल तर चालवून घ्या.)

ट्यूबलाइट टीव्हीच्या बरोब्बर समोरच्या भिंतीवर असू द्या. रात्रीच्या प्रसंगात तेवढीच दिसते.

चिवड्याची पिशवी शांत प्रसंगातच उघडावी.

आवाजाचं काय करायचं? संवाद ऐकू येत नाहीत म्हणून ४० वर न्या, गाणं सुरू झालं की शेजारी भिंत ठोकतील, मग १२ वर आणा, मग पुन्हा ४०. आजी म्हणेल, ''काय बोलले रे ते?'' तिला सांगा, ''खाली लिहून येतंय ना, वाच.'' मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाईला, बारा फुटांवरून, इंग्रजीत.

नाही, हे पुरे झालं. आजीचे कान ठीक आहेत. तुमच्या टीव्हीचं तोंड बंद आहे. सिनेमाचा ५.१ आवाज सहा वाटांनी येतो, त्यातले संवाद बहुतेक मधल्या वाटेत असतात. तुमच्या टीव्हीला स्पीकर दोन, तेही खालच्या कडेला, जमिनीकडे तोंड करून. सहाचं दोनांत कोंबलं की संवाद संगीताखाली दबतात. पिक्चर चालू असताना भाषा आणि आवाजाचा मेनू उघडा, ५.१ ऐवजी स्टिरिओ, म्हणजे दोनच वाटांचा आवाज, असेल तर तो निवडा. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये क्लिअर व्हॉइस किंवा तशाच नावाचं काहीतरी असतं, ते चालू करा. साउंडबार घेतलाच आहे तर ब्लूटूथवर कशाला? ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआय भोकावर 'एआरसी' लिहिलंय त्यात वायर घाला. वायर खोक्यातच पडून असेल. दोन वर्षांत टीव्हीवर लाखभर रुपये घातलेत, त्याच्या मेनूत दोन मिनिटं घालवायला जीव जातो? आणि म्हातारीला दर पाच मिनिटांनी 'गप बस' म्हणताना काहीच वाटत नाही?

उठा. आत्ता करा. आणि रिमोट हातात आहे तोवर तो झूमही काढा.