फोटो हलला

कोजागिरीला पर्वतीच्या देवळामागून वर येणारा चंद्र टिपायचाच, असा पण करून मी दत्तवाडीतल्या आमच्या गच्चीवर नवाकोरा ट्रायपॉड रोवला. आता फोटो हलतोय कसला! अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर लावून ऐटीत बटण दाबलं. मोठा करून बघतो तो टेकडीवरचा एकेक दिवा गांडुळासारखा वळवळलेला.

"मधली दांडी एवढी वर कशाला काढलीस?" बाबा म्हणाले. बाबांचा जन्म मोजणी खात्यात गेला. थिओडोलाइटची, म्हणजे मोजणीच्या दुर्बिणीची, तिपाई सोडली तर बाकी तिपायांना ते मनातून स्टूलच समजतात. दांडी खाली घेतली, काडीसारखे शेवटचे पाय आत सारले. कॅमेरा पोटाशी आला आणि मी ओणवा झालो.

तरी गांडुळं होतीच. बोटाचा धक्का नको म्हणून टायमर लावला. बारीक झाली, पण गेली नाहीत. माझा कॅमेरा जुना, आरशाचा. फोटो काढताना आतला आरसा खाडकन वर उडतो. १/१००० सेकंदात त्या हादऱ्याला हात मारायला सवड नसते, ३० सेकंदांत तो विरून जातो. मरण असतं ते १/३० ते १ सेकंदाच्या मधल्यांचं. म्हणजे माझंच. लाइव्ह व्ह्यू लावून, म्हणजे चित्र मागच्या पडद्यावर घेऊन, आरसा आधीच वर करून ठेवला. मग आठवलं, लेन्समधलं कंप थोपवायचं बटण चालूच आहे. ट्रायपॉडवर कंप सापडला नाही की ते कधीकधी स्वतःच निर्माण करतं. आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखं. तेही बंद केलं.

तेवढ्यात वारा सुटला. पट्टा फडफडायला लागला, तो काढून खिशात कोंबला. वजन हवं म्हणून कोपऱ्यातली तीन किलो बटाट्यांची पिशवी मधल्या हुकाला अडकवली, तर तीच झोके घ्यायला लागली.

"ओळंबा आहे का तो? बूड जमिनीला टेकव की!"

टेकवलं. लंगडी घालणाऱ्या पोरांना 'स्टॅच्यू' केलं, कारण त्यांच्या प्रत्येक उडीला स्लॅब थरथरत होता. दहा सेकंदांचा टायमर लावला. लाल दिवा लुकलुकायला लागला. गच्ची श्वास रोखून उभी. नऊ...

"अगंबाई, बटाटे इथे आहेत होय! आणि मी खाली घर पालथं घालतेय." आईने पिशवी हिसकली.

बाबा बराच वेळ पर्वतीकडे बघत होते. मग म्हणाले, "तीस वर्षं नोकरी केली. आमच्या ओळंब्याची कुणी भजी नाही केली."