बाई डॉक्टर टिकायला हवी असेल तर आधी तिचं क्वार्टर बघा

माझ्या आईने ११ वर्षं मायांग बाहेर येण्याचा (गर्भपिशवी खाली सरकण्याचा) त्रास अंगावर काढला. (आईला विचारूनच लिहितेय.) घरात कुणाला पत्ता नव्हता, मलाही नाही. कपड्याची घडी लावून ती शेतात जायची, कळशा उचलायची, वैरणीचा भारा डोक्यावर घ्यायची. आमच्या आरोग्य केंद्रातले डॉक्टर माणूस म्हणून चांगले होते, पण त्यांच्यासमोर आई फक्त "कंबर दुखते" एवढंच म्हणायची. ते कंबरेची गोळी द्यायचे.

मग बॉण्डवर, म्हणजे एमबीबीएस झाल्यावर करायच्या एक वर्षाच्या ग्रामीण सेवेवर, एक बाई डॉक्टर आली. जेमतेम पंचविशीची. आई दोनदा नुसती जाऊन बसून आली आणि तिसऱ्या खेपेला बोलली. महिन्याभरात जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं.

ही एकट्या माझ्या आईची गोष्ट नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे दुखणं घरोघरी, आणि सांगायचं कुणाला? अंगावरून पांढरं जातं, पाळीत फार जातं, नवऱ्याजवळ गेलं की दुखतं, हे आपल्याकडची बाई सुनेला सांगत नाही, तर परक्या पुरुषाला काय सांगणार!

आमची ती डॉक्टर वर्ष भरलं तसं सामान टेम्पोत टाकून गेली. पारावर लगेच सुरू झालं, "आजकालच्या पोरींना खेडं नको असतं." मला तेव्हाही राग आला होता, आज जास्त येतो. कारण ती कुठे राहायची ते मी पाहिलं होतं. क्वार्टरच्या न्हाणीघराला आतून कडी नव्हती, ती दाराला बादली लावून अंघोळ करायची. मागच्या बाजूला दिवा नाही. रात्री बाळंतीण आली की दवाखान्यात ही आणि एक सिस्टर, आणि सोबत आलेल्या पुरुषांतले दोघं-तिघं पिऊन आलेले. "पेशंट पुढे पाठवावा लागेल" म्हटलं की अंगावर धावून यायचे. तिने कडीसाठी, दिव्यासाठी, रात्रीच्या शिपायासाठी अर्ज केले होते. कडीसुद्धा बसली नाही.

अशा वेळी लोक हमखास हेमलकसा आणि जामखेडची नावं घेतात. डॉ. मंदाकिनी आमटे १९७०च्या दशकात गडचिरोलीच्या जंगलातल्या हेमलकशाला गेल्या, तेव्हा तिथे वीजही नव्हती. डॉ. मेबल आरोळे १९७० पासून जामखेडला राबल्या, गावातल्या अडाणी म्हणवणाऱ्या बायकांना आरोग्याचं काम शिकवून उभं केलं. मी या सगळ्यांपुढे हात जोडते. पण त्यांचा दाखला देऊन नव्या पोरींना टोचू नका. राणीताई, मंदाताई, मेबलताई, तिघींचाही जोडीदार डॉक्टर होता आणि त्याच कामात होता. संस्था त्यांच्या स्वतःच्या किंवा घरच्याच होत्या. एक वर्षाच्या बॉण्डवर एकटी आलेली मुलगी वेगळ्या जागी उभी असते. तिच्याकडे त्याग मागायच्या आधी तिला कडी द्या.

सपाटीवर साधारण ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं, डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजारांमागे. त्यातल्या निम्म्या बायका. ती मुलगी गेली तेव्हा या सगळ्या बायका पुन्हा कंबरेच्या गोळीवर आल्या, हे पारावर कुणाच्या ध्यानात आलं नाही.

इमारत जिल्हा परिषदेची आहे, मान्य. पण कडी बसवायला सुतार गावातच आहे. दिवा ग्रामपंचायत लावू शकते. रात्रीच्या बाळंतपणाला गावातल्या दोन जाणत्या बायका दवाखान्याच्या ओट्यावर बसल्या तरी पिऊन आलेल्याची जीभ आवरते. यात अवघड काय आहे, मला खरंच कळत नाही.

येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे, लेखी अर्जही तयार आहे. आई म्हणाली, तीही येणार आणि बोलणार.

तुमच्या गावच्या केंद्रातलं क्वार्टर एकदा आत जाऊन बघा. न्हाणीघराला आतून कडी आहे का, मागे दिवा आहे का, ते खाली लिहा.