दिव्यांगस्नेही व्हा, पण बेताने

मोबाइल कंपनीत सुगम्यता प्रमुख, म्हणजे दिव्यांगांना सेवा सहज वापरता याव्यात हे बघणारा, म्हणून नेमणूक झाली? अभिनंदन. घाबरू नका, सूत्र एकच आहे: ग्राहकाला जे जमत नाही, नेमकं तेच त्याच्याकडून मागायचं.

अंध ग्राहकाला कॅप्चा द्या. वाकडीतिकडी अक्षरं, वर रेघोट्या. ॲपमधल्या बटणांना नावं देण्याच्या फंदात पडू नका. मग टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय, लावून रिचार्ज करायला बसलेल्याला ऐकू येईल, "बटन. बटन. अनलेबल्ड बटन." त्यातलं एक 'पैसे भरा', एक 'मागे जा' आणि एक दरमहा पैसे कापणारी कॉलरट्यून. बघेल बापडा दाबून. तोवर ओटीपीची मुदत संपतेच. जुन्या कीपॅडवर 5 च्या बटणावर बारीकसा उंचवटा असायचा, तेवढ्यावर माणूस न बघता नंबर लावायचा. असलं काही सुचणारा इंजिनिअर चुकूनही नोकरीवर घेऊ नका.

केवायसीला डोळ्यांची उघडझाप हवीच. ॲसिडहल्ल्यात जिच्या पापण्या गेल्या, ती जिवंत आहे हे मशीनला पटायला नको का? आता अशाच पीडितांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 ला सांगितलं, की डिजिटल सेवा मिळणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पापणीशिवाय दुसरे पर्याय ठेवा, म्हणे. वर 20 निर्देश. त्याआधी नोव्हेंबर 2024 मध्ये याच न्यायालयाने सुगम्यतेचे नियम ऐच्छिक नकोत, सक्तीचे करा म्हणून केंद्राला 3 महिने दिले होते. दिव्यांग हक्क कायदा तर 2016 चाच. तुम्ही 'अभ्यास समिती नेमली आहे' असं कळवून टाका. समितीत दिव्यांग घेऊ नका, ते उगाच मुद्द्याचं बोलतात.

कंपनीच्या गॅलरीबाहेर, म्हणजे दुकानाबाहेर, रॅम्प बांधा. चढ सिंहगडाइतका असला तरी चालेल, फोटोत कळत नाही. 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, त्याच्यासमोर फुगे लावता येतात.

राहिले कर्णबधिर. त्यांच्यासाठी चोवीस तास हेल्पलाइन आहेच: मराठीसाठी 2 दाबा आणि बीपनंतर बोला. एखाद्याने ईमेलवर तक्रार केलीच, की मला ऐकू येत नाही, कृपया लिहून उत्तर द्या, तर तत्परतेने त्याला फोन लावा. दोनदा लावा. मग एसएमएस पाठवा: 'आपण फोन न उचलल्यामुळे तक्रार बंद करण्यात आली आहे. आमची सेवा कशी वाटली, हे सांगण्यासाठी आत्ताच कॉल करा.'