सात नंबरनं बेंचकडे का बघितलं?

आज सकाळपासून डोकं फिरलंय. पोळ्या झाल्या, भांडी झाली, दुपारची झोप झाली, तरी उतरलेलं नाही. म्हणून लिहितेय. लांब होणार आहे. ज्यांना नको त्यांनी खुशाल पुढचं रील बघावं.

चौदा वर्षांखालच्या मुलींची बास्केटबॉलची मॅच होती, मी त्यांची कोच. सकाळी साडेसहाची, कारण मे महिन्यात नऊनंतर नागपुरात सिमेंटच्या कोर्टवर पोरींना उभं करणं म्हणजे शिक्षा आहे. शेवटचं क्वार्टर, दीड मिनिट उरलेलं, आम्ही एका पॉइंटनं मागे. आमच्या सात नंबरनं (नाव लिहीत नाही, जर्सीवर भागवा) अर्ध्या कोर्टवर समोरचीच्या हातातून चेंडू अलगद काढला आणि सुटली. पुढे एकच डिफेंडर, तीसुद्धा अर्धवट वळलेली. उजवीकडे मोकळं रान. आणि ही पोरगी रिंगपासून चार पावलांवर थांबली. थांबली हो! मान वळवून बेंचकडे बघितलं. तेवढ्यात मागून एक जण आली आणि चेंडू घेऊन गेली.

हरलो. हरण्याचं मला काही नाही, मी आयुष्यात भरपूर हरलेय. पण ती मान वळवणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तिचे वडील रिंगच्या मागे बेसलाइनला उभे होते. पहिल्या मिनिटापासून सुरू. "पास दे! डावीकडे! अगं डावीकडे! थांब! आता मार, काय पाहून राहिली?" पाच सेकंदांत पाच हुकूम, त्यातले दोन एकमेकांच्या विरुद्ध. आणि भाऊ, तुम्ही तिच्या समोर उभे होता. तुमचं डावं ते तिचं उजवं. एवढा तरी विचार करायचा होता.

(ते माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. वाचतील. वाचू देत.)

मॅचनंतर वर मलाच ऐकवलं. "मॅडम, तुम्ही मलाच गप्प करायला आल्या, पोरींना तर काही सांगतच नाही. तिकडचे कोच पाहा, गळा फाडून सांगून राहिले होते. मग त्यांच्या पोरी जिंकणार नाही तर काय!"

मला एक सांगा, व्हरायटी चौकात संध्याकाळी सात वाजता तुम्ही स्कूटर चालवताय. समोरून ई-रिक्षा, बाजूनं बस, मध्येच एक आजोबा. तेव्हा मी मागे बसून "ब्रेक! उजवीकडे! थांब! आता काढ!" असं ओरडत राहिले तर तुम्ही मला पुढच्या सिग्नलला उतरवाल की नाही? तिथे तुम्हाला सगळं आपोआप सुचतं. हात ब्रेकवर जातो, मग लक्षात येतं का गेला ते. पोरीला मात्र सुचता कामा नये. तिनं विचारून सुचवून घ्यायचं.

आता माझी एक जुनी गोष्ट. माझ्या बॅचच्या मैत्रिणींनी हजारदा ऐकली आहे, त्यांनी हा परिच्छेद सोडावा.

१९९३. शाळेची टीम, फायनल, भर दुपार. आम्ही एका पॉइंटनं मागे, चेंडू माझ्या हातात. माझ्यासमोरची मुलगी धुळीवर घसरली. खरोखर घसरली, एक गुडघा जमिनीला. रिंगपर्यंतचा रस्ता आपल्या शंकरनगरच्या रस्त्यासारखा रुंद. आणि मी सरांकडे बघितलं. त्यांनी वर्षभर शिकवलेलंच तसं होतं, "काय करायचं ते मी सांगीन, तुम्ही माझ्याकडे पाहायचं." पाहिलं. चेंडू गेला. मॅच गेली.

त्या वेळी सर काय करत होते ते पुढे सांगते. आधी बाकीचं बोलू दे.

बास्केटबॉल हा खेळच असा आहे की त्यात बाहेरून काही सांगायला वेळ नसतो. चेंडू हातात आल्यापासून २४ सेकंदांत रिंगकडे मारायचा, त्यातल्या ८ सेकंदांत अर्धं कोर्ट ओलांडायचं. स्वतःचाच शॉट हुकून चेंडू परत मिळाला तर १४ सेकंद. आणि फट पडते ती? डोळा लवायच्या आत बुजते. मला ती दिसणार, मी ओरडणार, पोरीला ऐकू येणार, तिला कळणार, मग तिचे पाय हलणार. तोवर तिथे फट नसते, समोरचीची कोपरं असतात. म्हणजे आम्ही ओरडतो ते सगळं शिळं असतं. ताजं फक्त तिच्या डोळ्यांत असतं.

आणि हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, खेळालाच हे ठाऊक आहे. अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये १९४८-४९ च्या मोसमापर्यंत कोचला टाइमआउटमध्ये, म्हणजे खेळ मध्येच थांबवून घेतात त्या वेळातसुद्धा, खेळाडूंशी बोलायची परवानगी नव्हती. पोरांनी आपसात ठरवायचं. आज ऑलिम्पिकमध्ये थ्री बाय थ्री, म्हणजे तीनवर तीन बास्केटबॉल आहे, टोकियोपासून. बदली धरून चार जणांची टीम, चेंडू रिंगकडे मारायला १२ सेकंद, आणि कोचला कोर्टवर जागाच नाही. प्रेक्षकांतून सूचना देणंही चालत नाही. बदली खेळाडू कधी आणायचा, टाइमआउट कधी घ्यायचा, सगळं खेळणाऱ्यांनी बघायचं. आणि ज्या नेस्मिथनं १८९१ मध्ये पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ काढला, त्याचा कॅन्सस विद्यापीठातला कोच म्हणून हिशेब काय? ५५ जिंकल्या, ६० हरल्या. खेळ ज्यानं जन्माला घातला त्याची ही गत, तर बेसलाइनवरचे पप्पा कोण लागून गेले?

आपल्याच गावाची बुद्धिबळवाली दिव्या देशमुख घ्या. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियात बाटुमीला वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये कोनेरू हम्पीशी टायब्रेक खेळत होती, तेव्हा तिच्या कानात कोणी "घोडा हलव, घोडा हलव" म्हणत होतं का? एकोणीस वर्षांची पोरगी, घड्याळ पळतंय, समोर हम्पी, आणि खोलीत चिडीचूप. जिंकली तेव्हा हे सगळे पालक स्टेटस ठेवत होते, "नागपूरची लेक". अहो, त्या लेकीला विचार करू दिला होता कोणीतरी!

हो, बुद्धिबळ वेगळं, बास्केटबॉल वेगळं. माहीत आहे. कमेंटमध्ये सांगू नका.

चहा घेऊन आले. जरा शांतपणे लिहिते.

लोकांना वाटतं, आतून सुचणं म्हणजे देवाची देणगी, कुणाला असते, कुणाला नसते. तसं नाही. भाकरी थापणाऱ्या बाईला विचारा, पाणी किती घालता? ती सांगू शकणार नाही, पण तिचा हात कधी चुकणार नाही. तो हात हजार भाकऱ्यांतून आलाय, आणि त्यातल्या पहिल्या शंभर वातड झाल्या असतील, चिरल्या असतील. आपण पोरींना त्या पहिल्या शंभर थापूच देत नाही. पहिली चिरली की परात ओढून घेतो.

आमच्याकडे पूर्वी मी प्लास्टिकचे कोन, म्हणजे शंकू, मांडायचे. पोरी त्यांच्यामधून नागमोडी ड्रिबल करत, म्हणजे चेंडू आपटत, सुसाट जायच्या, पालक टाळ्या वाजवायचे, फोटो निघायचे. मॅचमध्ये त्याच पोरी गोंधळायच्या, कारण कोन अंगावर येत नाही. कोन हूल देत नाही. आता मी दोघींसमोर एक डिफेंडर उभी करते, किंवा तिघींवर तीन, आणि ड्रिबल बंद. फक्त पास. दोन दिवस नुसता गोंधळ असतो, तिसऱ्या दिवशी माना आपोआप वर येतात, कारण चेंडूकडे बघत बसलं तर पास कुणाला द्यायचा तेच दिसत नाही. मी "मान वर!" एकदाही म्हणत नाही.

आणि चुकल्यावर "असं का केलंस?" हे विचारणं मी सोडलंय. "का केलंस"ला पोरी एकच उत्तर देतात, "सॉरी मॅम". त्याऐवजी विचारायचं, "काय दिसलं तुला?" मग ती बोलते. अशी काही बोलते की कधी कधी मलाच कळतं, बाहेरून मला जे दिसलं तेच चुकीचं होतं.

मान्य, लेअपची (धावत जाऊन रिंगजवळून चेंडू टाकतात, त्याची) दोन पावलं घोटूनच घ्यावी लागतात, तिथे सुचण्याबिचण्याचा प्रश्न नाही. आणि आमच्याकडे एक पोट्टा आहे, तो दर वेळी अर्ध्या कोर्टवरून चेंडू फेकतो आणि म्हणतो, "मॅम, आतून आलं." ते आतून नाही आलेलं, मोबाइलमधून आलंय. तेही मान्य.

पण हे फक्त ग्राउंडवरचं आहे का? सांगा ना. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी स्टेप लिहून देणारं. "सर, हे परीक्षेला येतं का?" हा एकच प्रश्न पोरांना स्वतःहून सुचतो. ग्राउंडवर येतात तेही निम्मे दहावीच्या क्रीडा गुणांसाठी. पालक पहिल्या दिवशी विचारतात, सर्टिफिकेट कधी मिळेल? अहो, दीड तास तरी असा असू द्या ज्यात तुमच्या लेकराचं डोकं कोणी वापरणार नाही, फक्त तेच वापरेल! दीड तास! तेवढाही जड होतो तुम्हाला?

पुन्हा चढलं. असो.

तर सर. आमचे सर त्या १९९३ च्या दुपारी काय करत होते? बादलीत दुपट्टा भिजवत होते. ऊन एवढं होतं की डोकं भाजत होतं, म्हणून वाकून बादलीत दुपट्टा बुडवत होते. मी ज्यांच्याकडे बघितलं, त्यांची पाठ माझ्याकडे होती. मला आजही ती पाठ दिसते, घामानं चिकटलेला पांढरा शर्ट.

नंतर त्यांनी विचारलं, "मारला का नाही बेटा? मोकळी तर होती." मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं नाही." ते काहीच बोलले नाहीत.

माणूस वाईट नव्हता, हे लिहायलाच हवं. चेंडूत हवा स्वतःच्या पैशानं भरून आणायचे. उशीर झाला तर लुनावर एकेकीला घरी सोडायचे, आमच्या आया त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास टाकायच्या. पण त्या दिवसानंतर मी काय शिकले माहितेय? कित्येक वर्षं मला वाटायचं, माझी चूक सरांकडे बघण्यात नव्हती, उशिरा बघण्यात होती. जरा आधी बघितलं असतं तर सर वाकायच्या आत त्यांनी सांगितलं असतं. नोकरीत, लग्नात, सगळीकडे मी आधी बघत राहिले. कोणाकडे तरी. ते जाऊ दे, ती वेगळी पोस्ट होईल.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

वर मी सात नंबरचा चेंडू कसा गेला ते अगदी डोळ्यांदेखत बघितल्यासारखं लिहिलंय. मी बघितलेलं नाही. ग्रुपवर एका आईनं व्हिडिओ टाकलाय, तो दुपारपासून आठ वेळा बघितला. त्यात डाव्या कोपऱ्यात मीही दिसते. बेंच सोडून बेसलाइनपर्यंत गेलेली, कोर्टकडे पाठ, हात वर करून तिच्या वडिलांना सांगतेय की ओरडू नका, पोरीला खेळू द्या. नेमकं त्याच वेळी पोरगी खेळायचं थांबून मला शोधतेय.

हसायला येतं आणि येतही नाही. मोठी निघाले होते सरांना दोष द्यायला. त्यांनी निदान दुपट्टा भिजवला होता. उन्हाचं कारण तरी होतं.

आणि बेंचकडे बघायची सवय तिला लावली कोणी? वडिलांनी? ते दोन महिन्यांपासून मॅचला येताहेत. मागचं पूर्ण वर्ष, कोनांच्या काळात, "प्ले (म्हणजे चाल) मी देणार, माझ्या हाताकडे बघ" हे मीच घोकून घेतलं होतं. आता मी बदलले म्हणून पोरीनं महिन्याभरात विसरावं, असं कसं?

मॅचनंतर तिला बाजूला घेतलं. डोळे भरलेले होते. विचारलं, "काय दिसलं होतं तुला?"

तिनं क्षणभरही घेतला नाही. "मॅम, तिचा डावा पाय पुढं होता, म्हणजे ती माझ्या उजवीकडं वळू शकली नसती. मागून येणारीचा आवाज येऊन राहिला होता, पण ती दोन पावलं लांब होती. दोन पावलांत मी मारू शकत होती."

सगळं दिसलं होतं हो पोरीला. सगळं! मला तर आठव्या वेळी व्हिडिओ बघताना तो पाय दिसला.

"मग?"

"मग तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही पप्पांसोबत बोलून राहिल्या होत्या."

उद्या पावणेसहाला ग्राउंड आहे. तीनवर तीन, ड्रिबल बंद. शिट्टी सात नंबरच्या गळ्यात राहील, टाइमआउट पोरीच घेतील. मी कडुनिंबाखाली खुर्चीवर बसणार, तोंड कोर्टकडे. भाऊ, तुम्हीही या, बाजूला दुसरी खुर्ची ठेवते. तर्रीपोहे माझ्याकडून. दोन प्लेट मागवू, तर्री जास्त टाकून. म्हणजे दोघांचीही तोंडं कामात राहतील.