अनास्तासिया बेपत्ता नाही

इतिहासातली माणसं ऐन मृत्यूच्या क्षणी दुसऱ्या जगात जाऊन लढतात, अशा साहसकथा मला मनापासून आवडतात. पण त्यांच्यासोबत एक दावा फिरतोय : ‘या कथांत घेतलेली सगळी माणसं खरंच गायब झाली होती. रशियाच्या राजकन्या अनास्तासियाचे अवशेष तर आजही सापडलेले नाहीत.’ हे चुकीचं आहे.

१७ जुलै १९१८च्या पहाटे येकातेरिनबुर्गमधल्या एका घराच्या तळघरात झारच्या, म्हणजे रशियाच्या सम्राटाच्या, अख्ख्या कुटुंबाला आणि सोबतच्या चार सेवकांना गोळ्या घातल्या गेल्या. अनास्तासिया तेव्हा १७ वर्षांची होती. १९९१ मध्ये उकरलेल्या खड्ड्यात नऊच जणांचे अवशेष निघाले. एक मुलगी आणि राजपुत्र अलेक्सेई त्यात नव्हते. अफवेला खरं बळ मिळालं ते इथे. मात्र २००७ मध्ये जवळच जळालेल्या हाडांचे तुकडे मिळाले आणि डीएनए चाचणीने ते याच दोघांचे ठरले. नंतर सापडलेली ही मुलगी नेमकी कोणती, मारिया की अनास्तासिया, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण चारही बहिणींचा हिशेब लागला आहे.

‘मीच अनास्तासिया’ म्हणणाऱ्या ॲना अँडरसनचा शस्त्रक्रियेत काढलेला आतड्याचा तुकडा रुग्णालयात जपलेला होता. तिच्या मृत्यूनंतर तो तपासला; झारच्या कुटुंबाशी तो जुळला नाही.

अशा कथांत येणारी फ्रान्सची वीरांगना जोन ऑफ आर्कही गायब झाली नव्हती. १४३१ मध्ये रुआँच्या भर चौकात तिला जाळलं. जपानी सरदार ओदा नोबुनागाबाबत मात्र दावा बरोबर आहे : १५८२ मध्ये क्योतोतलं होन्नो-जी मंदिर पेटलं, त्यानंतर त्याचा मृतदेह मिळाला नाही.