‘९२५ म्हणजे भेसळ’ म्हणणाऱ्या निरोपाला एका सोनाराचं उत्तर

पोळा झाल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावचा एक पोरगा दुकानात आला. रुमालाची गाठ सोडून त्यानं चांदीचं ब्रेसलेट काचेवर ठेवलं. तोरणाखाली बैल उभा करताना कासरा ब्रेसलेटात अडकला, बैलानं मान झटकली आणि चेन मनगटावरून सुटून चिखलात पडली. मी भिंग लावून पाहिलं. ज्या कड्या गोल असायच्या त्या ओढून लांबट झाल्या होत्या आणि एका कडीचं तोंड सरळ उघडलं होतं. ‘भाऊ, शुद्ध चांदी होती न, मंग फाकली काहून?’ शुद्ध होती म्हणूनच फाकली, हे त्याला पटवायला मला अर्धा तास लागला. कारण त्याच्या मोबाइलात एक निरोप होता, आणि माझ्या बोलण्यापेक्षा त्याला तो जास्त खात्रीचा वाटत होता.

तो निरोप आमच्या भागात प्रत्येक गावच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: पुरुषांनी जाड ब्रेसलेट घेताना ९२५ चांदी घेऊ नये, त्यात साडेसात टक्के तांब्याची भेसळ असते, शंभर टक्के शुद्धच मागा. चुंबक आणि बर्फ लावून घरीच तपासा. खरी चांदी कधी काळी पडत नाही. जितकं जड तितकं चांगलं, मोडताना सगळे पैसे परत येतात. आणि एकदा घातलं की काढू नका, ते अंगातली उष्णता आणि बीपी ओढून घेतं.

माझं पोट याच धंद्यावर आहे. शुद्ध चांदी विकली तरी मला मजुरी मिळते, ९२५ विकली तरी मिळते. तेव्हा खालचं सगळं धंद्यासाठी नाही, त्या पोराचा चेहरा पाहून लिहितो आहे.

पहिला मुद्दा भेसळीचा. ९२५ म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि बाकीचे ७५ भाग बहुतेक वेळा तांबं. हे तांबं वजन वाढवायला घातलेलं नसतं. शुद्ध चांदी मऊ असते. तिची पातळ तार बोटांनी वाकते, आणि कडीवर रोजचा ताण आला की कडी हळूहळू लांबते. थोडं तांबं मिसळलं की तीच चांदी कणखर होते, कडी आपला आकार धरून राहते. इंग्लंडात १३०० साली राजा पहिला एडवर्ड याच्या कायद्यानं चांदीच्या वस्तूंना हीच प्रत बांधून दिली. ‘स्टर्लिंग’ म्हणतात ती हीच.

आपल्याकडचंच पाहायचं तर आजीच्या गाठोड्यातला राणीछाप कलदार, म्हणजे जुना चांदीचा रुपया आठवा. त्याचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. त्यात चांदी होती ९१.७ टक्के, ९२५ पेक्षा किंचित कमीच. १९४० पासून तर रुपयातली चांदी निम्म्यावर आली. ज्या कलदारांचे हार आपल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात घातले, त्यांना कोणी भेसळीचे म्हटलं नाही. म्हणण्यासारखं काही नव्हतंच. रोज हाताळायच्या नाण्याला तांब्याची जोड लागते, हे टांकसाळीला ठाऊक होतं.

भेसळ म्हणजे लपवून मिसळणं. ९२५ हा आकडा तर मालावर ठोकलेला असतो. शुद्ध चांदी घ्यायचीच असेल तर नाणं घ्या, लगडी घ्या, देवघरातली वाटी घ्या. त्यांना कोणी ओढत नाही. मनगटावरची चेन मात्र दिवसभर ओढाताण सहन करते.

फसवणूक होत नाही असं मी म्हणत नाही. होते, पण ती दुसरीकडे. ९२५ चा पंच बाजारात कोणालाही मिळतो, तो ठोकायला दोन सेकंद पुरतात. नुसता ९२५ कोरलेला आहे म्हणून माल ९२५ चा ठरत नाही. विचारायचं ते हॉलमार्कबद्दल. भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाशेजारी प्रत लिहिलेली असते. ८००, ८३५, ९२५, ९७०, ९९० अशा प्रती आहेत. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक येऊ लागला. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकला की वस्तू कोणती, प्रत कोणती हे समोर येतं. सोन्यासारखी याची सक्ती नाही, म्हणून हॉलमार्क नसलेला माल विकणं गुन्हा ठरत नाही. पण चार-पाच भाराचं (एक भार म्हणजे दहा ग्रॅम) ब्रेसलेट घेणाऱ्यानं तो मागावा. मोठी पेठ दूर वाटत असेल तर रजतनगरी म्हणवणारं खामगाव आपल्या वऱ्हाडातच आहे.

हॉलमार्कचा माल मिळालाच नाही तर निदान पावती पक्की घ्या. वजन, प्रत, मजुरी आणि तीन टक्के जीएसटी वेगवेगळे लिहिलेले हवेत. ‘चांदी ब्रेसलेट, नग १’ एवढ्या ओळीच्या चिठ्ठीचा पुढं काहीच उपयोग होत नाही.

आता चुंबक आणि बर्फ. चुंबकानं लोखंड, निकेल असे मोजकेच धातू सापडतात. तांबं, पितळ आणि आपल्याकडं गिलट म्हणतात ती जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदीचा कणही नसतो, यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. उलट अस्सल चांदीच्या ब्रेसलेटचा आकडा, म्हणजे ते बंद करायचा हूक, चुंबकाकडं ओढला जाऊ शकतो, कारण आकड्यातली बारीक स्प्रिंग पोलादाची असते. तेवढ्यावरून चांगला माल परत करायला आलेले लोक मी पाहिले आहेत. बर्फाचंही तसंच. चांदीवर बर्फ भरभर वितळतो हे खरं, पण तांब्यावरही जवळपास तितकाच भरभर वितळतो. तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली चेन या परीक्षेत आरामात पास होते.

घरी तपासायचंच असेल तर ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा घ्या. समजा ब्रेसलेट ५० ग्रॅमचं आहे. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. मग ब्रेसलेट दोऱ्यानं पाण्यात सोडा. ते पूर्ण बुडालं पाहिजे, पण तळाला किंवा काठाला टेकता कामा नये. भरीव ९२५ चांदी असेल तर काटा ४.८ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. गिलट किंवा तांबं असेल तर साडेपाच-पावणेसहा. कड्या आतून पोकळ आणि बंद असतील तरीही आकडा असाच वाढतो. नेमका टंच, म्हणजे शुद्धतेचं प्रमाण, यातून कळत नाही, ९२५ आणि ८०० यांत फरक करण्याइतकी ही परीक्षा बारीक नाही. पण गिलट आणि पोकळ माल उघडा पडतो.

‘खरी चांदी काळी पडत नाही’ हे वाक्य वाचून मला सगळ्यात वाईट वाटतं. कारण चांदी काळी पडली म्हणून माणसं आपल्या आईचे तोडेसुद्धा खोटे समजून कवडीमोल विकून टाकतात. चांदीचं गंधकाशी वैर आहे. हवेत, घामात, कांद्यात, अंड्यात, रबरात जिथं गंधकाचा अंश असेल तिथं चांदीवर काळा थर बसतो. शुद्ध चांदीवरही बसतो, ९२५ वर थोडा लवकर बसतो. वरुड-मोर्शीकडं संत्र्यावर कोळी या किडीसाठी गंधकाची फवारणी करून आलेल्या माणसाचं ब्रेसलेट संध्याकाळी पाहा, शिशाच्या रंगाचं झालेलं असतं. म्हणजे काळं पडलं म्हणून चांदी खोटी ठरत नाही. जे कधीच काळं पडत नाही ते स्टील असू शकतं किंवा वरून ऱ्होडियम या धातूचा मुलामा असू शकतो, आणि मुलामा घासून जातोच.

काळेपणा काढायला टूथपेस्ट वापरू नका, तिच्या कणांनी चकाकी ओरखडते. आम्ही रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशनं धुतो. थर जाड असेल तर भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरून त्यावर ब्रेसलेट ठेवावं, खायचा सोडा टाकावा आणि गरम पाणी ओतावं. गंधक चांदी सोडून ॲल्युमिनियमला धरतं.

वजनाबद्दल. जड हवं असं वाटणं साहजिक आहे. कापसाचे पैसे हातात आल्यावर दोन-चार वर्षांतून एकदा स्वतःसाठी काही घ्यायचं, तर ते हातात भरल्यासारखं वाटावं. पण वजनाआधी तीन गोष्टी पाहा. पहिली, कडीचा सांधा. चेन बोटावर आडवी टाकून एकेक कडी उजेडात फिरवा. डाख, म्हणजे सांधा जोडायची झाळ, नीट बसला असेल तर सांध्याची रेघ दिसत नाही. केसाएवढी फट दिसली तर ती कडी आज ना उद्या उघडणार. दुसरी, फासा, म्हणजे तोच बंद करायचा आकडा. चार-पाच भाराच्या चेनला नाजूक, इवलासा आकडा लावलेला असतो. चेन तुटत नाही, तो तुटतो आणि वस्तू वावरात हरवते. आकडा चेनच्या रुंदीला शोभेल असा हवा आणि तो जिथं अडकतो ती शेवटची कडीही झाळलेली हवी. तिसरी, माप. मनगटाला दोरा गुंडाळून पट्टीवर धरा आणि त्यात दोन सेंटिमीटर मिळवा. जाड चेन आतून जागा खाते, म्हणून पातळ चेनचं माप तिला चालत नाही. मी तर गिऱ्हाइकाला मूठ आवळायला सांगतो. मूठ आवळल्यावर बोट आत गेलं पाहिजे आणि हात खाली सोडल्यावर चेन तळहातावर उतरता कामा नये.

मोडताना सगळे पैसे येतात, हा हिशेबही चुकीचा आहे. ५० ग्रॅमच्या ९२५ ब्रेसलेटमध्ये चांदी ४६.२५ ग्रॅम. मोडीत भाव मिळतो तो त्या चांदीचा, त्या दिवसाचा. मजुरी गेली, जीएसटी गेला. पावती नसेल तर टंच घेणारा ठरवेल तो. अंगावर मिरवायचा दागिना आणि अडीअडचणीला मोडायची चांदी या दोन वेगळ्या खरेद्या आहेत.

बीपीचं थोडक्यात सांगतो. मनगटावरच्या चांदीनं रक्तदाब उतरत नाही. श्रद्धेनं घाला, हौसेनं घाला, गोळी मात्र बंद करू नका.

पण ‘एकदा घातलं की काढू नका’ हे त्या निरोपातलं सगळ्यात घातक वाक्य आहे. भरीव, नीट झाळलेली चेन तुटत नाही, हाच तिचा गुण मळणी यंत्रापाशी जिवावर उठतो. फिरत्या पट्ट्यात ती अडकली तर चेनच्या आधी हात जातो. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पाना चालवताना ब्रेसलेट एका टोकाला आणि सांगाड्याला एकदम टेकलं, तर ते क्षणात तापून मनगटाला भाजतं. विजेला चांदीइतकी मोकळी वाट दुसरा कुठलाच धातू देत नाही. मोटारीच्या स्टार्टरपाशी, कडबा कुट्टीपाशी, बैलाच्या कासऱ्यापाशी हात घालण्याआधी ब्रेसलेट काढून खिशात टाका. त्या पोराची कडी फाकली म्हणून त्याचं मनगट वाचलं, हेही मी त्याला सांगितलं.

त्याची चांदी खरोखरच शुद्ध निघाली, वजन बरोबर पाच भार. तिचीच ९२५ करून नवी चेन घडवायची ठरली. त्यासाठी तांबं लागणार होतं साधारण चार ग्रॅम. ‘भाऊ, माह्यासमोर टाका,’ तो म्हणाला. मी तांब्याच्या तारेचा तुकडा त्याच्यासमोर काट्यावर ठेवला. आकडा पाहून त्यानं विचारलं, ‘इतकंसंच?’ तुकडा चिमटीत धरून उलटसुलट पाहिला, आणि त्यानं स्वतःच्या हातानं तो मुशीत टाकला.